डाव्या खाचांची युकुलेले

कटरबाईंनी आयुष्यात स्वतःसाठी म्हणून फार थोड्या वस्तू विकत घेतल्या होत्या, आणि घेतली ती प्रत्येक वस्तू कुणाशी तरी भांडून घेतली होती. त्यामुळे शनिवारी दुपारी शिवणकारखाना सुटल्यावर युकुलेले घ्यायला निघताना त्या भांडणाची तयारी करूनच निघाल्या. सोबत त्यांची थोरली बहीण होती. ताईला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कुठलंही दुकान असो, भाव पाडायला आपल्याशिवाय घरात कुणी नाही, असा तिचा ठाम समज होता.

युकुलेले म्हणजे गिटारीची धाकटी बहीण. चार तारा, मांडीत मावेल एवढं पोट, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला उगाचच बरं वाटावं. कारखान्यातल्या इस्त्रीवाल्यानं कटरबाईंना तिचा नाद लावला. दर सोमवारी संध्याकाळी लाँड्रीच्या वरच्या खोलीत क्लास भरायचा. सहा खुर्च्या एका ओळीत, समोर मास्तर. वाद्यं मास्तरांचीच, उसनी. बाईंनी पहिल्याच दिवशी युकुलेले हातात घेतली ती सगळ्यांच्या उलट. डाव्या हातानं तारा छेडायच्या, उजव्यानं दाबायच्या. त्या जन्माच्या डावऱ्या होत्या. तीस वर्षं त्या हातानं त्यांनी कापड बेतलं होतं, एका वेळी चाळीस-चाळीस थर कापले होते, आणि एकदाही बाही वाकडी गेली नव्हती.

दोन महिने मास्तरांनी चालवून घेतलं. पण ओळीत पाच युकुलेलेंच्या माना एकीकडे आणि बाईंच्या युकुलेलेची दुसरीकडे, त्यामुळे दर गाण्यात दोनदा तरी त्यांची युकुलेले शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या युकुलेलेला धडकायची, अरुंद जिन्यात दोन उघड्या छत्र्या भेटाव्यात तशी. त्यात वाद्य उसनं, त्यावर तारा नुसत्याच उलट्या चढवलेल्या, त्यामुळे एक तार सतत खरखरायची. गेल्या सोमवारी मास्तरांनी जाहीर केलं की आता प्रत्येकानं स्वतःचं वाद्य आणायचं आणि सगळ्यांनी एकाच बाजूला धरायचं. बाईंनी कडेची खुर्ची मागितली. मास्तर हसले. म्हणाले, खरोखर डाव्या हातासाठी बनवलेली युकुलेले आणून दाखवा, मी स्वतः तुमची खुर्ची कडेला नेऊन ठेवतो. नाही मिळाली, तर हात बदला. आणि तेही जमणार नसेल, तर पुढचं पुढं बघू.

'पुढचं पुढं बघू' म्हणजे 'येऊ नका'. एवढं न कळायला बाई काल जन्मल्या नव्हत्या.

खरा संताप त्यांना त्या हसण्याचा आला होता. हात बदला म्हणे. जसं काही तो पायातला मोजा आहे. आयुष्यभर ज्याला त्याला बाईंचा हात बदलायचा होता. कारखान्याच्या पहिल्या मुकादमानं बदलायला सांगितलं, शिवणाच्या वर्गातल्या बाईंनी सांगितलं, एका डॉक्टरनं तर काही कारण नसताना सांगितलं. शेवटी कटरबाईंनी पहिल्या पगारातून डाव्या हाताची कात्री मागवली. ती आजही त्यांच्या टेबलावर असते. नवीन माणूस ती उजव्या हातात घेतो, चालवून बघतो आणि म्हणतो, बाई, ही बोथट झालीय. बाई दर वेळी शांतपणे ती काढून घेतात. मनातल्या मनात मात्र त्या काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दोघा भावांचं ते दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं. थोरले आत कारखान्यात बसून युकुलेले घडवायचे, धाकटे बाहेर बसून विकायचे. थोरल्यांना बोलायला आवडत नसे आणि धाकट्यांना ऐकायला आवडत नसे, त्यामुळे दोघांचं छान चाललं होतं. आतून बाहेर जे काही कळवायचं ते वाद्याच्या मानेला दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठीवर असायचं. लाकूड कुठलं, माप कुठलं, महिना कोणता. बस्स.

धाकट्यांनी अगोदर ताईला नमस्कार केला, मग विचारलं, नातवंडांसाठी का? ताई हो म्हणणार होती. बाई म्हणाल्या, माझ्यासाठी.

पुढचा अर्धा तास मात्र, खरं सांगायचं तर, बाई भांडायला आल्या होत्या हे विसरल्या. भिंतीवर रांगेनं युकुलेले लटकत होत्या आणि एकीसारखी दुसरी नव्हती. बारीक कमरेची, अगदी छोटी, पाखरासारखी चिवचिवणारी. अननसाच्या आकाराची, जिला कंबरच नव्हती आणि जिचा आवाज पोटातून यावा तसा घुमायचा. एक चौकोनी, सिगारच्या जुन्या खोक्याची, दिसायला गमतीची आणि ऐकायला अगदीच खोक्याची. एक मोठी, लांब मानेची, जिचा एक खांदा खालच्या पडद्यांपर्यंत, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपर्यंत, हात पोचावा म्हणून कापून घेतला होता. महोगनीची ऊबदार बोलत होती, देवदाराची लख्ख. धाकटे एकेक काढून वाजवून दाखवत होते, आणि बाईंना त्यातली प्रत्येक हवी होती. त्या लाकडावरून बोट फिरवत होत्या, सांधे बघत होत्या. चांगलं काम हाताला कळतं, मग ते कापडाचं असो की लाकडाचं. ह्या माणसाच्या सांध्यात नख शिरत नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, "आता ह्यातली डाव्या हाताची कुठली ते दाखवा."

धाकट्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्यांनी डाव्या हाताचं पाणी मागितलं होतं. म्हणाले, असं काही नसतंच. युकुलेले दोन्हीकडून सारखीच दिसते, तारा उलट्या लावल्या की झाली डावी. पाच मिनिटांचं काम, अगदी डाव्या हातचा मळ. स्वतःच्या विनोदावर ते खुश झाले. ताईही हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मानेच्या टोकाला असलेली हाडाची पट्टी दाखवली, जिच्यातल्या चार खाचांमधून चार तारा जातात. म्हणाल्या, सगळ्या खाचा सारख्या नाहीत. जाड तारेची रुंद, बारीक तारेची अरुंद. तारा उलटवल्या की जाड तार अरुंद खाचेवर बसतच नाही, आणि तिच्या शेजारची रुंद खाचेत लोळते. म्हणून खरखर होते. दोन महिने ती खरखर ऐकून माझे कान किटलेत. मला खाचाच डाव्या हव्यात.

धाकट्यांनी खांदे उडवले. बाई, म्हणाले, एवढं खोलात कुणी जात नाही. तुम्ही आताशी शिकताय. ह्या वयात नव्यानंच शिकायचं आहे, तर उजव्या हातानंच शिका की. तुमच्यासाठी दोन्ही हात सारखेच अडाणी.

हे वाक्य बाईंच्या तळपायापासून मस्तकापर्यंत गेलं. शिकायचं नव्यानं होतं हे खरं, पण हात काही नवा नव्हता. त्या काही बोलणार, एवढ्यात खालून ताईचा आवाज आला. ताई भिंतीवरच्या महागड्या मालाकडे पाठ करून तळाच्या फळीपाशी उकिडवी बसली होती, कारण स्वस्त वस्तू दुकानात कुठं लपवतात ते तिला उपजत कळायचं.

"अगं, इकडे बघ. ह्या तीन निम्म्या किमतीत आहेत. आणि चिठ्ठीवर तुझंच लिहिलंय बघ. डावी."

बाई दोन ढांगांत तिथं पोचल्या. तीन युकुलेले, अंगावर बोटभर धूळ. तिन्हींच्या मानेला चिठ्ठी, आणि तिन्ही चिठ्ठ्यांवर लाकूड, माप, महिना आणि त्याखाली ठसठशीत अक्षरात एकच शब्द. डावी. बाईंचा ऊर इतका भरून आला की त्यांना क्षणभर धाकट्यांबद्दलही माया वाटली.

"त्या नका घेऊ," धाकटे काउंटरमागून म्हणाले. "त्या डाव्या आहेत. म्हणजे कमअस्सल. आमच्या दादाच्या हातून कधीकधी बिघडतात. ज्या बिघडल्या त्यांच्यावर तो तसं लिहितो."

आता ह्यात धाकट्यांचा सगळाच दोष होता असं नाही. भाषाच तशी आहे. दोन साड्या समोर ठेवल्या की त्यातली एक दुसरीपेक्षा डावी असते. दोन सुनांत डावं-उजवं करू नये असं सांगावं लागतं, कारण सगळे करतात. एखाद्याला बाजूला सारलं की त्याला डावललं म्हणतात. ज्यानं कुणी ही भाषा घडवली तो नक्कीच उजव्या हातानं जेवत होता आणि बाईंच्या मते बसून बोलत होता, कारण काम करणारा माणूस हाताबद्दल असं बोलणार नाही.

बाईंनी तिघींतली एक उचलली आणि खिडकीजवळ नेली. अक्रोडाची होती, मधल्या मापाची, एका खांद्याला कापलेली. त्यांनी आधी खांदा पाहिला. भिंतीवरच्या युकुलेलेचा खांदा एका बाजूला कापला होता, हिचा दुसऱ्या. मग मानेची कड पाहिली. वाजवताना पडदा कितवा ते कळावं म्हणून वरच्या कडेला पांढरे ठिपके असतात. हिचे ठिपके, उजव्या माणसानं धरलं तर, खालच्या कडेला जात होते. जिथून वाजवणाऱ्याला ते कधीच दिसले नसते. शेवटी त्यांनी खाचा पाहिल्या. रुंद खाच दुसऱ्या बाजूला. जाड तार अरुंद खाचेच्या तोंडावर कशीबशी उभी, आणि शेजारची रुंद खाचेत लोळत पडलेली. तिन्ही युकुलेले तशाच.

कापड उलटं बेतलं गेलं तर ते बाईंना दहा फुटांवरून कळायचं. हे उलटं बेतलेलं नव्हतं. हे कुणीतरी विचार करून, मापं घेऊन, डाव्या माणसासाठी बेतलं होतं, आणि नंतर दुसऱ्या कुणीतरी त्याच्या तारा उसवून उलट्या शिवल्या होत्या.

"ह्याच्या तारा कुणी बदलल्या?" त्यांनी विचारलं.

धाकटे अभिमानानं म्हणाले, मीच. दादाकडून उलट्या लागल्या होत्या ना. तोच तर बिघाड होता. दर वर्षी दोन-तीन तरी अशा येतात. वय झालं त्याचं, मी काही बोलत नाही, मुकाट्यानं सरळ करतो. थोड्या खरखरतात, म्हणून निम्म्या किमतीत देऊन टाकतो. लोक पोरांना खेळायला नेतात.

ताईनं बाईंच्या नाकाचा लाल झालेला शेंडा पाहिला आणि ती हळूच उठून दाराजवळ जाऊन उभी राहिली, कारण तिला ती खूण लहानपणापासून ठाऊक होती.

"तुमच्या दादांना बोलवा."

ते कामात आहेत, धाकटे म्हणाले. बाई म्हणाल्या, मीही कामातच असते, पण आज आलेय. धाकटे म्हणाले, दादा गिऱ्हाइकाला भेटत नाहीत. मग कटरबाईंनी तो आवाज काढला, जो सव्वीस शिलाई मशीन चालू असताना टोकाच्या माणसाला ऐकू जातो. आतला पडदा हलला आणि थोरले स्वतःच बाहेर आले. उंच, वाकलेले, हाताला सरस लागलेला, केसांत लाकडाचा भुसा. त्यांना वाटलं कुणाला काही लागलं.

बाईंनी अक्रोडाची युकुलेले त्यांच्यापुढं धरली आणि एवढंच विचारलं की ही बिघडलेली आहे का.

थोरल्यांनी ती हातात घेतली. तारांकडे पाहिलं, मग खाचांकडे, मग चिठ्ठीकडे. पुन्हा तारांकडे. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी सावकाश मान वळवून भावाकडे पाहिलं. म्हणाले, मी तुला नऊ वर्षांपूर्वी सांगितलं होतं, वर्षाला दोन-तीन डाव्या करीन म्हणून. धाकटे म्हणाले, हो, तेव्हा मला वाटलं तू कबुलीच देतोयस. एवढ्या हातकामात वर्षाला दोन-तीन डाव्या होणारच, मी मनाला लावून घेतलं नाही.

"त्या सगळ्या कुणी नेल्या?" थोरल्यांनी विचारलं. "तू म्हणायचास, सगळ्या गेल्या. मला वाटायचं, डावरी माणसं येऊन नेतात. मी दर वेळी खाच अधिक नीट करत होतो. मला वाटायचं, कुणीतरी वाजवतंय."

नऊ वर्षांच्या बावीस-तेवीस युकुलेले कुठल्या कुठल्या पोरांनी कुठल्या कुठल्या माळ्यावर टाकल्या होत्या, ते धाकट्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या काळात जे डावरे लोक ह्या काउंटरपाशी येऊन विचारून गेले, त्या प्रत्येकाला त्यांनी तेच सांगितलं होतं जे आज बाईंना सांगितलं, की असं काही नसतंच. आणि हे सांगताना माल त्यांच्या पायाशी, तळाच्या फळीवर, धूळ खात होता.

बाईंना वाटलं होतं की आपण ह्या माणसाला चांगलं फैलावर घेऊ. पण थोरल्यांचा चेहरा पाहून त्यांचा राग दुप्पट झाला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. धाकट्यांनी वाईट हेतूनं काही केलंच नव्हतं, आणि नेमकं ते जास्त चीड आणणारं होतं. वाईट हेतू असता तर तो कधीतरी पकडला गेला असता. हा माणूस नऊ वर्षं सद्भावनेनं नासधूस करत होता.

थोरल्यांनी काउंटरवरच तिघींच्या तारा उतरवल्या आणि जिथल्या तिथं बसवल्या. जाड तार रुंद खाचेत गेली, टक्कन बसली. त्यांनी सूर लावले आणि तिन्ही बाईंपुढं ठेवल्या. स्वतः वाजवून दाखवल्या नाहीत. त्यांना डाव्या हातानं वाजवता येत नव्हतं. आजवर केलेली एकही डावी त्यांनी कुणाच्या हातात वाजताना ऐकलेली नव्हती.

मग बाईंनी निवड केली, आणि ह्या वेळी कुणी त्यांना सुचवायला गेलं नाही. तिघींतली अननसाच्या आकाराची गोड बोलत होती, पण मांडीवरून घसरायची. छोटी महोगनीची ऊबदार होती, पण तिच्या पडद्यांत बाईंची जाड बोटं एकमेकांच्या पायावर पाय देत होती. अक्रोडाची घेतली, तर कापलेला खांदा उजव्या हाताखाली आला, ठिपके डोळ्यांसमोर आले, डावा हात भोकाच्या अगदी वर जाऊन थांबला. बाईंना एकच गाणं येत होतं, तेही अर्धं. ते त्यांनी वाजवलं. दोनदा चुकल्या. पण खरखर नव्हती. थोरले काउंटरला टेकून खाली मान घालून ऐकत होते आणि गाणं संपल्यावर म्हणाले, अजून एकदा.

धाकट्यांना आता काहीतरी भरपाई करावीशी वाटत होती. त्यांनी सांगितलं, निम्म्या किमतीतच न्या, आमच्याकडून. ताईचा चेहरा उजळला. बाई म्हणाल्या, ही कमअस्सल आहे का? नाही ना? मग भिंतीवरच्या अक्रोडाची जी किंमत, तीच ही. ताईनं त्यांना कोपरखळी मारली. बाईंनी ती सहन केली आणि पूर्ण पैसे मोजले.

मग धाकट्यांनी हमीपत्र काढलं. हातानं घडवलेल्या प्रत्येक वाद्याबरोबर ते द्यायचे. त्यावर लाकूड लिहिलं, माप लिहिलं, आणि डावी लिहिताना क्षणभर अडखळले. लिहा, बाई म्हणाल्या. त्यांनी लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढं सरकवला. बाईंनी युकुलेले काखेत धरली, पेन उचललं आणि सही केली.

बाईंनी वर पाहिलं, तर तिघंही त्यांच्या हाताकडे बघत होते. उजव्या हाताकडे.

ताई दारातून पुढं आली. तिला वाटलं, बहीण आज एवढी भांडलीय, तर हेही तिच्या मनासारखं व्हावं. ती अगदी मायेनं म्हणाली, "अगं, सही पण डाव्या हातानंच कर ना. आता कोण बोलणार आहे तुला?"

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मला येत नाही, ताई. आईनं सांगितलं आणि तू रोज अभ्यासाला बसवताना माझा हात तुझ्या रिबिनीनं खुर्चीला बांधायचीस. दोन वर्षं. कात्री मी त्या दोन वर्षांनंतर हातात घेतली म्हणून ती वाचली. लिहिणं नाही वाचलं."

ताई म्हणाली की तुझ्या भल्यासाठीच केलं, सगळेच तसं करायचे. बाई म्हणाल्या, हो, ह्यांनीही भल्यासाठीच केलं. त्यांनी धाकट्यांकडे बोट दाखवलं नाही, पण धाकट्यांनी नजर खाली घातली.

थोरल्यांनी युकुलेले पिशवीत घातली, दोन वेळा चेन तपासली आणि बाईंच्या डाव्या खांद्यावर अडकवून दिली. सोमवारी खुर्ची कडेला जाणार होती, मास्तरांना आवडो न आवडो. बाई बाहेर पडल्या. ताई मागं राहिली, हमीपत्राची घडी घालत. ती घडी तिला काही केल्या सरळ जमेना.